दुखायचं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला प्लास्टरवरचा लेख मी वाचायच्या आधी माझ्या नणंदेने वाचला. तिच्या घोट्याला प्लास्टर आहे आणि हा तिसरा आठवडा चालू आहे. सकाळी सकाळी तिने त्या लेखाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, वहिनी, बघा, आता पेपरवालेच म्हणतायत, दुखत नसेल आणि सैल वाटत असेल तर काढायला हरकत नाही, आज संध्याकाळी यांना कापायला सांगते. मी हातातलं काम टाकून आधी तिला फोन लावला आणि मग हे पत्र लिहायला बसले, त्यामुळे भाषा कुठे कडक झाली तर समजून घ्या.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईचं प्लास्टर मी स्वतः घरी कापलं होतं. जिन्यावर पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवून आधी कच्चं प्लास्टर घातलं, सूज उतरल्यावर पक्कं घातलं आणि सहा आठवडे म्हणून सांगितलं. पहिले दहा दिवस ती कण्हत होती, मग दुखायचं कमी कमी होत गेलं, तिसऱ्या आठवड्यात तर गोळी पण बंद झाली. आणि मग सुरू झाली ती खाज. प्लास्टरच्या आत विणायची सुई घालून खाजवायची, मी ओरडले की फूटपट्टी घालायची. चोविसाव्या दिवशी म्हणाली, "अगं, आता काही दुखत नाही, बोटं बघ कशी हलतायत, काप हे ओझं एकदाचं." मी पण कंटाळले होते, तिची आंघोळ, वेणी, सगळं मीच करत होते. हात अर्धा तास बादलीत बुडवून ठेवला, मोठी कात्री घेतली आणि कापलं. तो ओला, पिवळा पडलेला कापूस, तो वास, आणि आतून निघालेला बारीक झालेला कोंडा धरलेला हात मला अजून जसाच्या तसा दिसतो. मनगटाशी कात्री लागून थोडं रक्त आलं होतं, ते पुसलं आणि दोघी खूश झालो.

सहाव्या दिवशी तिने ओलं फडकं पिळलं. एवढंच. पडली नाही, काही उचललं नाही, फक्त फडकं पिळलं आणि कळवळून खाली बसली. दुसऱ्या दिवशी हात आडवा धरला तर मनगटाच्या मागे उंचवटा, म्हणजे काटाचमचा पालथा ठेवल्यावर त्याची पाठ दिसते तसा. एक्स-रेत हाड मागे कललेलं आणि थोडं खाली बसून आखूड झालेलं.

डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून मोडलेल्या जागेवरचा धुक्यासारखा अगदी पुसट पांढरेपणा दाखवला. म्हणाले, मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, त्यालाच कॅलस म्हणतात, आणि मग हळूहळू त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. मऊ जोडानेसुद्धा हाडाची टोकं एकमेकांवर घासायची थांबतात, म्हणून दुखायचं थांबतं. म्हणजे दुखणं जातं तेव्हा हाड अजून मऊच असतं! त्या दिवसांत त्याला जागेवर धरून ठेवतं ते प्लास्टर, आणि आम्ही नेमकं तेच कापून टाकलं. तुमच्या लेखात ही गोष्ट एका वाक्यात जरी आली असती तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

आणि सैल वाटण्याचं काय? सूज उतरते, स्नायू बारीक होतात, म्हणून प्लास्टर सैल होतं. सैल झालेलं प्लास्टर काढायचं नसतं, दवाखान्यात जाऊन बदलून घ्यायचं असतं, कारण सैल प्लास्टरमध्ये हाड सरकू शकतं, म्हणून तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत परत परत एक्स-रे काढायला बोलावतात. लोकांना वाटतं उगाच फेऱ्या मारायला लावतात.

लेखात सगळ्या हाडांना एकच माप लावलंय ते तर अजूनच वाईट. लहान मुलाचं मनगट तीन-चार आठवड्यांत जुळू शकतं, मोठ्या माणसाला साधारण सहा लागतात, नडगीच्या हाडाला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. अंगठ्याच्या बुडाशी एक छोटंसं स्केफॉइड नावाचं हाड असतं, त्याला आठ ते बारा आठवडे लागतात कारण त्याला रक्त उलट्या बाजूने, बोटांकडून मनगटाकडे येतं. ते मोडलं तर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही, माणूस मुका मार समजतो, दुखायचं कमी झालं की प्लास्टर काढतो, आणि हाड जुळतच नाही, नाहीतर रक्त न मिळाल्याने त्याचा एक तुकडा मरतो आणि पुढे मनगट कायमचं दुखत राहतं. साखर असलेल्यांना आणि सिगरेट ओढणाऱ्यांना तर हाड जुळायला आणखी वेळ लागतो. हे सगळं मला आईच्या हातामुळे विचारून विचारून कळलं, तुमच्या लेखकाला लिहायच्या आधी कुणाला तरी विचारता आलं असतं.

प्लास्टर फार दिवस ठेवलं तर सांधा आखडतो हे लेखात लिहिलंय ते खरं आहे, मान्य. पण आखडलेला सांधा व्यायामाने, फिजिओथेरपीने बराचसा मोकळा होतो. वाकडं जुळलेलं मोठ्या माणसाचं हाड व्यायामाने सरळ होत नाही. आईला डॉक्टरांनी सांगितलं की हाड परत कापून सरळ करून प्लेट आणि स्क्रू घालावे लागतील, दुसरीकडचं थोडं हाड काढून तिथे भरावं लागेल. ती घाबरली आणि नको म्हणाली. आज तिचा तळहात पूर्ण वर वळत नाही. तिला ओंजळ धरता येत नाही. तोंड धुताना नळाखाली दोन्ही हात धरते आणि उजव्या बाजूने पाणी गळून जातं, मी बाजूला उभी असले तर दुसरीकडे बघते.

एक महत्त्वाची गोष्ट मात्र लेखात अशी मिसळून टाकलीय की वाचणाऱ्याला कळणारच नाही. खाज येणं वेगळं आणि प्लास्टर आवळणं वेगळं. बोटं निळी किंवा पांढरी पडली, गार पडली, बधिर झाली, मुंग्या थांबत नाहीत, गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, बोटं कुणी सरळ केली तरी जीव जातो, तर एक तासही थांबायचं नाही, रात्र असो की सुट्टी, तडक दवाखाना गाठायचा, तिथे ते प्लास्टर लगेच कापतात. त्यांच्या मशीनचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, म्हणून कडक प्लास्टर कापलं जातं आणि कातडी सहसा वाचते. घरच्या कात्रीला ते कळत नाही. आणि खाज आली तर ड्रायरची गार हवा वरून सोडावी, आत काहीही घालू नये, आत जखम झाली तर वरून दिसत पण नाही.

आता लिहायलाच बसलेय तर दवाखान्यांबद्दलही लिहिते. आईला घरी सोडताना दिलेल्या कागदावर परत कधी यायचं ती तारीख अशी गिचमिड होती की आम्ही दोघींनी दोन वेगवेगळ्या वाचल्या. प्लास्टर कधी काढायचं, सैल झालं तर काय, आवळलं तर काय, एवढ्या चार ओळी ठळक अक्षरात छापून द्यायला काय जातं? पण त्यांनी निदान तोंडी तरी बरोबर सांगितलं होतं, ऐकलं नाही ते आम्ही. तुम्ही तर चुकीचंच छापलंत, वर कात्रीने प्लास्टर कापणाऱ्या हसऱ्या माणसाचा मोठा फोटो.

माझी विनंती एवढीच की दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी नकोत, मागच्या वेळी औषधाच्या डोसची चूक झाली तेव्हा तशीच छापली होती आणि ती कुणी वाचली नाही. नणंदेने आजच्यापुरती कात्री बाजूला ठेवलीय, पण ती माझ्यापेक्षा पेपरवर जास्त विश्वास ठेवते. तिचा पुढचा एक्स-रे सोमवारी आहे. त्याच्या आत छापा.

आपली,
रोजची एक वाचक