कॅथोडिक प्रोटेक्शन आतला गंज थांबवत नाही

संपादक महोदय,

कालच्या अंकातील तेल पाइपलाइनच्या गळतीची बातमी वाचली. ‘कॅथोडिक प्रोटेक्शन चालू असूनही गंज लागला, म्हणजे पाइप जुना झाला होता’ हा तिचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. हे संरक्षण म्हणजे गंज रोखण्यासाठी पाइपला दिलेला सौम्य वीजप्रवाह; तो मातीतून येतो आणि पाइपच्या फक्त बाहेरच्या बाजूला पोचतो. टेस्ट पोस्टवर (लाइनलगतच्या मोजणीच्या खांबावर) कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ८५० मिलिव्होल्ट, म्हणजे संरक्षण पुरेसं असल्याची खूण दिसली, तरी आतल्या गंजाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. बाहेरचाही भरवसा तेव्हाच, जेव्हा रीडिंग करंट क्षणभर तोडून घेतलेलं असतं.

तुमच्याच बातमीत लिहिलंय की छिद्र तळाला होतं आणि लाइन बरेच महिने कमी प्रवाहावर चालत होती. कारण तिथेच आहे. प्रवाह मंदावला की तेलातलं पाणी खाली बसतं, त्यासोबत गाळ साचतो, गाळाखाली जिवाणू वाढतात. मग कितीही इनहिबिटर (गंजरोधक रसायन) सोडा, तो गाळाखालच्या धातूपर्यंत पोचत नाही.

अलास्कातल्या प्रुडो बे इथे मार्च २००६ मध्ये हेच झालं. ३४ इंची लाइनच्या तळाला गंजून छोटंसं छिद्र पडलं आणि सुमारे ८ लाख लिटर तेल बाहेर आलं. गळती प्रवाहाच्या १ टक्क्याहूनही कमी, त्यामुळे गळतीशोधक यंत्रणेने अलार्म दिला नाही. त्या लाइनमध्ये १९९८ नंतर पिग, म्हणजे पाइपमधून प्रवाहाबरोबर सरकत जाऊन आतली सफाई किंवा तपासणी करणारं उपकरण, सोडलेलाच नव्हता! इतकं महागात पडलेलं उदाहरण समोर असताना वयाला दोष देणं मला पटत नाही. नियमित पिगिंग झालेल्या जुन्या लाइन्स उत्तम चालतात.

बातमीदाराने विचारायला हवं होतं ते हे: शेवटचा क्लीनिंग पिग कधी सोडला? रिसीव्हरमध्ये (पिग बाहेर काढतात त्या टोकाला) किती गाळ आला, त्यात लोह आणि जिवाणू किती, हे तपासलं का? इंटेलिजंट पिग (सेन्सरने भिंतीची जाडी मोजणारा) सोडण्याआधी लाइन नीट साफ केली होती का? गाळामुळे सेन्सर भिंतीपासून उचलले गेले, तर जाडीची नोंद विश्वासाची राहत नाही.

आणखी एक. ‘प्रेशर ५० होते’ असं छापलंय. ५० काय, बार की पीएसआय? दाबाची ही दोन एककं फार वेगळी: ५० बार म्हणजे सुमारे ७२५ पीएसआय आणि ५० पीएसआय म्हणजे जेमतेम साडेतीन बार. कृपया एककासह दुरुस्ती छापावी.

आपला,
एक पाइपलाइन अभियंता