खाटकाचे वाक्य आणि सदऱ्याची लाज

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर आपल्याकडे पत्रे येत आहेत. एका पत्रलेखकाने अठराव्या शतकातल्या अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथला साक्षीला आणले आहे : खाटीक, पाववाला यांच्या दयेमुळे नव्हे, तर त्यांच्या स्वार्थामुळे आपल्याला जेवण मिळते, तेव्हा कारखानदाराकडे माणुसकी मागू नये. वाक्य १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मधले, खरेच आहे. निष्कर्ष मात्र पत्रलेखकाचा.

याच स्मिथने १७५९ मध्ये नीतिभावनांवर ग्रंथ लिहिला. माणूस कितीही स्वार्थी धरला, तरी दुसऱ्याच्या सुखदुःखाशी त्याला देणेघेणे असतेच, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे १७९० मध्ये, मरणाच्या वर्षी, सुधारलेल्या आवृत्तीत त्याने एक प्रकरण वाढवले : श्रीमंतांपुढे दिपायचे आणि गरिबाला तुच्छ लेखायचे, या खोडीने आपली नीतिबुद्धी नासते. म्हणजे दोन्ही ग्रंथ एकाच डोक्यातले.

चादर-टॉवेलच्या आपल्या सोलापूरला त्याचे आणखी एक उदाहरण जवळचे वाटावे. लिननच्या सदऱ्यावाचून ग्रीक-रोमन लोक सुखाने जगले; पण आपल्या काळातल्या मजुराला त्याशिवाय चारचौघांत जायला लाज वाटेल, म्हणून तो सदरा गरजेचाच, असे तो लिहितो. आणि लिहितो कुठे, तर करांच्या चर्चेत! लाजसुद्धा हिशेबात धरणारा अर्थशास्त्रज्ञ.

मी पूर्वभागातल्या एका टॉवेल कारखान्यात बरीच वर्षे हिशेब लिहिले. २०२० च्या टाळेबंदीत लूम बंद असताना मालकांनी कामगारांना उचल दिली. कधी कापायची, विचारले. म्हणाले, “बघू नंतर. ही माणसं गेली तर लूम कोण चालवणार?” हा स्वार्थच. मग चहा पिता पिता म्हणाले, “आणि त्यांची पोरं रोज दारासमोरनं जातात हो.” हे काय? त्यांनाही सांगता आले नसते. मी विचारलेही नाही. सगळेच मालक असे होते असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

पत्रलेखकाने खाटकाच्या प्रकरणापासून सहा प्रकरणे पुढे जावे. तिथे मजुरीचा विषय आहे. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची आपसात सदासर्वकाळ मूक एकी असते, हेही स्मिथनेच लिहून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, सोलापूर