आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा पावसापाण्याचं विचारतात, म्हणून लिहिते. हो, नोकरी सोडली. राजीनामा देऊन झालाय, तेव्हा त्यावर आता वाद नको. वर्षभर मी इथे मुंबईत, डिलाइल रोडला, आपल्या बीडीडी चाळींतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी चित्रांत उतरवणार आहे. एका संस्थेची फेलोशिप आहे, संध्याकाळी मुलांचे चित्रकलेचे वर्ग आहेत, तुमचे पैसे पहिल्यासारखेच येतील. खोली हवेशीर आहे, पाणी वेळेवर येतं, दुपारचा डबा लावलाय. जेवणाची आबाळ नाही, वजन उलट वाढलंय.

आई, तू म्हणशील चित्रं रविवारी काढता आली असती. पण अर्ध्या चाळी रिकाम्या झाल्या, माणसं पांगली. कोणी पोराकडे डोंबिवलीला, कोणी तुमच्यासारखं गावी. पुनर्विकासात चाळी पडतायत म्हणून मी गळा काढत नाहीये हं. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत जाणं हा त्यांचा हक्कच आहे, आणि सकाळच्या संडासाच्या रांगेचं कौतुक सांगणाऱ्यांनी त्या रांगेत एकदा उभं राहून बघावं. पण 1920च्या दशकात सरकारने नुसत्या भिंती बांधल्या. आत गिरणगाव वसवलं ते रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्यांनी. एका खोलीत एका गावचे गडी, पाळीवरून आलेला आडवा व्हायचा तेव्हा दुसरा उठून पाळीला जायचा. आप्पांची ट्रंक कुठे असायची, ते तुम्हीच जाणे.

फोटो सगळेच काढतात. फोटोत खोली रिकामी दिसते. मी फरशीवर खडूने खोलीचा चौकोन आखते आणि कोण कुठे झोपायचं ते विचारते. मुद्दाम चुकीचं आखलं की म्हातारे खवळतात, "मोरी तिकडे कुठे?" म्हणत खडू हिसकावून घेतात आणि तिथून गोष्ट सुटते ती थांबत नाही. मागांच्या खडखडाटाने साचेखात्यातल्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ओरडून बोलावं लागतं, घसा बसतो. (मध घेतेय.) परवा एक काकू भेटल्या, वाइंडिंग खात्यातल्या. सूत हातात दिलं तर न बघता, बोलता बोलता गाठ मारली, उरलेलं टोक दाताने तोडलं. गाठ इतकी बारीक की बोटाला लागेना. चेहरा नंतर काढीन, आधी त्यांची बोटं काढली.

दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांपाशी तासन् तास बसते आणि गावाला यायला हिला सवड नाही, हे तुम्ही बोलणार नाही, पण मनात येईल. माझ्याही येतं. गणपतीला येतेच आहे, आणि या वेळी पाचव्या दिवशी पळणार नाही.

बाबा, तुम्हाला एकच मागते. गॅलरीत झोपायचो तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचात, मी ओळखायची. तसंच आता कागदावर आपली खोली काढा. वेडीवाकडी चालेल, शिसपेन्सिलीनेच काढा. 18 जानेवारी 1982नंतरचं काही नको असेल तर नको. त्या दिवशी सुरू झालेला गिरण्यांचा संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही म्हणतात, आपल्या घरातही तो तसाच राहिलाय. मी खणून विचारणार नाही. त्या काकाचं तर मुळीच नाही. पण त्याआधीचं सांगा, पहिल्या पाळीचा भोंगा, खानावळ, नमनाच्या तालमी. तुमच्या जागी दुसऱ्या कोणाची खोली काढायचं माझ्या जिवावर येतं.

आई, तुझं वेगळं आहे. तू सांगायला लागलीस की मला वही पुरणार नाही, ते आल्यावर.

आता ऐका. बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळीच द्यायची, बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून विहिरीवर जायचं नाही, दोघांनीही. आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात नाही, गुडघ्याला लावायचा. माळ्यावरचे नारळ दादा आल्यावर काढा. आणि खोलीचा कागद पोस्टाने पाठवू नका, भिजेल. दादाच्या हाती द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

तुमची,
बाय