सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र: या चातुर्मासात विजेचा नेम

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर

विषय: चातुर्मासात सामायिक विजेचा नेम धरणे, तसेच गच्चीवरील सौर संचाचा विषय वार्षिक सभेपुढे घेणे.

महोदय,
स. न. वि. वि.

जिन्यातली 'गरज नसताना दिवे बंद करा' ही नोटीस पिवळी पडली. ती कुणी वाचत नाही आणि त्यात कुणाचा फार दोषही नाही. सामायिक मीटरचं बिल मेंटेनन्समध्ये विरघळून जातं, आपल्या वाट्याला त्यातलं किती आलं हे कुणालाच कळत नाही. पण याच इमारतीत एकादशीला साबुदाण्यापलीकडे काही न खाणारे आहेत, श्रावणात दाढीला वस्तरा न लावणारे आहेत, पर्युषणात उकळलेलं पाणी पिणारे आहेत, रोजे धरणारे आहेत, ईस्टरआधी मांसाहार बंद ठेवणारं कुटुंब आहे. नोटिशीला न जुमानणारी हीच माणसं धरलेला नेम मात्र मोडत नाहीत. म्हणून माझी विनंती अशी की विजेची बचत नोटीस बोर्डावरून उतरवून नेमात घालावी. आषाढी तोंडावर आली आहे, कार्तिकीपर्यंत चार महिने मिळतात.

ही कल्पना माझी नव्हे. २००८ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूल आणि लंडनच्या बिशपांनी टिअरफंड या ख्रिस्ती संस्थेबरोबर 'कार्बन उपवास' सुरू केला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पहिल्याच दिवशी घरात सहज नजर जाईल अशा जागचा एक बल्ब काढून ठेवायचा आणि ४० दिवस त्याच्याशिवाय काढायचे. उपवास सुटला की तिथे कमी वीज खाणारा बल्ब लावायचा. रिकामा होल्डर रोज दिसतो, म्हणून बाकीचेही दिवे आठवणीने बंद होतात. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत सॅली बिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चना एकत्र आणून अक्षय ऊर्जेपासूनची वीज घ्यायला लावली. त्यातून पुढे इंटरफेथ पॉवर अँड लाइट ही सर्वधर्मीय चळवळ उभी राहिली आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पोचली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या काळजीवर विश्वपत्र काढलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढला. ही पत्रं चांगलीच आहेत, पण जाहीरनाम्यांवर माझा फारसा जीव नाही. मला शिर्डीचं प्रसादालय जास्त पटतं. तिथे २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवल्या आणि उन्हाच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होऊ लागला. त्यासाठी कुणाला प्रवचन ऐकावं लागलं नाही.

कोल्हापूरला तर हे शिकवायलाच नको. घरगुती गणपती पंचगंगेत न सोडता काहिलीत, कुंडात नाहीतर इराणी खणीत सोडा, निर्माल्य वेगळं द्या, असं सांगितलं तेव्हा 'धर्म बुडाला' म्हणणारे काही थोडे नव्हते. (काहिल म्हणजे गूळ करायची मोठी कढई, इराणी खण म्हणजे पाणी साठलेली जुनी खाण.) आज आपल्याच इमारतीतली पोरं गुळाच्या काहिलीपुढे रांगेत उभी राहून 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात. श्रद्धा कुठे उणी झालेली मला तरी दिसली नाही.

आणि अंबाबाईचा किरणोत्सव? मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर पोचतात का, हे बघायला नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस अख्खं गाव श्वास रोखून बसतं. ढग आले तर हळहळतं. महाद्वार रोडवरच्या कुठल्या बांधकामाची सावली आडवी येते यावर वर्तमानपत्रांतून चर्चा होते. सूर्याच्या एवढ्याशा कवडशाची इतकी कदर करणारं हे गाव, आणि आपल्या गच्चीवर तोच सूर्य दिवसभर फुकट तापतो, खाली आपण टाकीवर पाणी चढवायला कोळशाची वीज जाळतो.

प्रत्येक धर्माने आपापला नेम धरावा, पण मीटर सगळ्यांचा एकच, अशी ही मांडणी आहे. शाहू महाराजांनी वसतिगृहं अशीच उभी केली. मराठा आणि जैन बोर्डिंग १९०१ मध्ये, मुस्लिम बोर्डिंग १९०६ मध्ये. छप्पर ज्याचं त्याचं, पण काम एकच, पोरं शिकवण्याचं. तसंच इथेही व्हावं. आमच्या मजल्यावरच्या जैन काकूंकडे दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात. त्यांचा नेम आधीपासून चालूच आहे, त्याला कुणी बचत म्हटलं नाही इतकंच. तळमजल्यावरचे चाचा परवा सांगत होते की वाहत्या नदीकाठी वजू करतानाही, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतानाही, पाणी वाया घालवू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. चाचांचं म्हणणं आपल्या पंपाला तंतोतंत लागू पडतं. ३ अश्वशक्तीचा पंप तासाला सव्वादोन युनिट तरी खातो. वरची टाकी वाहत असते तेव्हा पाण्याबरोबर वीजही गटारात जाते. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच नीट चालत नाही, ही तक्रार मी पूर्वीही केली होती. ती या निमित्ताने पुन्हा नोंदवते.

घराघरात कुणी काय नेम धरायचा हे ज्याने त्याने ठरवावं. कुणी एसी २४ अंशांखाली आणणार नाही, कुणी रात्री टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सचं बटण भिंतीवरूनच बंद करेल, कुणी जुना पंखा बदलेल. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तिसात भागवतो. यावर कुणी कुणाच्या घरात डोकावू नये आणि ग्रुपवर नावं टाकून लाजवू तर मुळीच नये. देवाधर्माच्या गोष्टीत चढाओढ शिरली की काय होतं ते आपण डॉल्बीच्या बाबतीत पाहिलं आहे.

सामायिक जागेचं मात्र कार्यकारिणीने ठरवावं. आवारातल्या मंदिरावर रात्रभर जळणारा ५०० वॅटचा हॅलोजन आधी काढावा. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ म्हणजे रोज साडेपाच युनिट, महिन्याला १६५. त्याच जागी ५० वॅटचा एलईडी फ्लड लावला तर उजेडाची तक्रार येणार नाही. रात्री ११ नंतर तोही बंद ठेवून नुसती समई तेवू द्यावी, असं मला वाटतं. देवाला झोप हवी की नको हा वाद मी घालत नाही, पण शेजारच्या खोलीतल्या सिक्युरिटी दादांना हवी आहे. आरतीचं विजेवरचं नगारा-घंटा यंत्रही आहे. त्याला वीज फारशी लागत नाही, माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे; ते असो. गणपतीत, ईदला, दिवाळीत, ख्रिसमसला रोषणाई जरूर व्हावी, फक्त एलईडीची आणि टायमरवर. सर्वांना एकच नियम असला की कुरबुर होत नाही.

आता गच्चीचं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिना यांसाठी, किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. १० किलोवॅटचा संच बसवला तर १,८०,००० रुपये मिळतात. त्याला साधारण १,००० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४० युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कोल्हापूरचं आकाश झाकलेलंच असतं, तेव्हा ती घटणार आणि उन्हाळ्यात वाढणार. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि बिलातून वळती होते. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे, म्हणून विषय आताच घ्यावा. वार्षिक सभा तशीही ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. पुरात लाईट गेली तर या संचावर लिफ्ट चालणार नाही. बॅटरी नसलेला संच बाहेरचा पुरवठा बंद होताच आपोआप बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी पाहिला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुराला एकच कारण नाही. पूररेषेतली बांधकामं आहेत, धरणांचा विसर्ग आहे. पण कमी दिवसांत बदाबदा पडणारा पाऊस वाढत्या तापमानाबरोबर वाढतो, हेही खरं आहे. आपला हॅलोजन विझवल्याने पंचगंगा ओसरणार नाही, हे मला कळतं. पण त्या पुरांच्या वेळी पूरग्रस्तांना भाकऱ्या बांधून देताना कुणीच विचारलं नव्हतं की माझ्या चार भाकऱ्यांनी काय होणार.

'देवाधर्मात वीजबिल कशाला आणता,' असं सभेत कुणीतरी म्हणेल. त्यांना एवढंच विचारावं की मंदिराचा हॅलोजन आत्ता कुणाच्या मीटरवर आहे.

आषाढीच्या सकाळी सामायिक मीटरचं रीडिंग घेऊन ते खडूने फळ्यावर लिहावं आणि दर एकादशीला त्याखाली नवा आकडा यावा, अशी माझी इच्छा आहे. लिहिण्याचं काम मी करेन, चाचा आणि काकूही तयार आहेत. सौर संचासाठी नोंदणीकृत विक्रेत्यांची तीन कोटेशनं मी सभेपूर्वी आणून देईन. त्यासाठी दोनच गोष्टी हव्यात. गेल्या वर्षभराच्या सामायिक बिलांच्या झेरॉक्स आणि मीटर रूमची किल्ली. किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते रविवारी गावी जातात, तेव्हा शनिवारीच मिळाली तर बरं.

कळावे,
आपली नम्र,
एक सभासद, बी विंग, तिसरा मजला