समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं काम बघणार कोण? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री,
उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यात एका लहान संस्थेत २१ वर्षं काम करते आहे. दरवर्षी एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचे, चार-सहा विद्यार्थी आमच्याकडे फील्डवर्कला येतात. आठवड्यातले दोन दिवस येतात, शेवटी ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे सलग कामाला, महिनाभर राहतात. संस्थेच्या बाजूने त्यांची सुपरव्हायझर मी असते. वर्ष संपताना महाविद्यालयाकडून एक छापील तक्ता येतो आणि मी त्यात गुण भरून सही करते. हे पत्र त्या तक्त्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका तुकडीतल्या दोघींबद्दल सांगते. नावं आणि गावं सांगणार नाही.

पहिलीची फाईल हातात घेतली की समाधान वाटायचं. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, उद्दिष्ट, प्रक्रिया, निरीक्षण, स्वतःची भूमिका, पुढचं नियोजन, सगळं जागच्या जागी. 'कुटुंबाशी सौहार्दपूर्ण संबंध प्रस्थापित केले' हे वाक्य दर दोन-तीन पानांनी यायचं. एका मंगळवारी मी तिच्याबरोबर कातकरी वाडीवर गेले. वीटभट्टीवरून नुकतंच परतलेलं कुटुंब. आईच्या अंगावर तान्हं मूल, कोपऱ्यात पंधरा वर्षांची थोरली. थोरलीची शाळा सुटलेली, लग्न ठरल्याची वाडीत कुजबुज. आमच्या विद्यार्थिनीने उंबऱ्यात उभं राहूनच वही उघडली. माणसं किती, आधार आहे का, जातीचा दाखला काढलाय का. आई उत्तरं देत होती. मध्येच मुलगी म्हणाली, "बारक्याला टाकून मला जाता येत नाय." विद्यार्थिनीने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. वीस मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. शाळा का सुटली, घर कोणाच्या जिवावर चाललंय, लग्नाला ती पोर आडकाठी का करत नाही, हे सगळं धरायचा धागा त्या एका वाक्यात होता. वहीत ते वाक्य आलं, पण विद्यार्थिनीपर्यंत पोचलं नाही.

दुसरी स्वतः किनाऱ्यावरच्या गावातली. रेकॉर्डिंग कायम उशिरा, भाषा बोलीतली, मांडणी विस्कटलेली. तिच्याकडे कोळीवाड्यातल्या एका बाईची केस होती. नवरा बोटीवर खलाशी, घरी आला की मारहाण. पहिल्या भेटीत ही वही काढून बसली, तशी ती बाई म्हणाली, "लिवतेस काय गो नुसती, बस ना जरा." ही बसली. दोन आठवडे तिच्याबरोबर बोंबील वाळत घातले. वहीत एवढंच: 'बोंबील वाळत घातले. बोलणं झालं नाही.' पुढच्या भेटीत बाई आपणहून बोलली. मारहाणीमागे बोटमालकाकडून घेतलेली उचल होती, फिटत नसलेली, आणि त्या उचलीपायी माहेरचे दागिने गेले होते. विद्यार्थिनीने घाई केली नाही. तिला काय हवंय ते आधी विचारलं, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, तिथे गेल्यावर काय होतं, काय होत नाही, हे तिच्या भाषेत समजावलं आणि ती 'चल' म्हणाली तेव्हाच घेऊन गेली.

पहिलीला ८४ गुण मिळाले, दुसरीला ५८. दोन्ही तक्त्यांवर सही माझी आहे. हजेरी, वेळेवर रेकॉर्डिंग, अहवालाची मांडणी, संस्थेतलं वर्तन, सुपरव्हायझरबरोबरच्या चर्चेतला (कॉन्फरन्समधला) सहभाग असे रकाने होते आणि मी प्रामाणिकपणे भरले. माणसासमोर बसल्यावर तिने काय केलं, यासाठी रकानाच नव्हता. महाविद्यालयाकडून येणाऱ्या प्राध्यापकांनी फाईल पाहिली, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा घेतली. तीही फाईलवरच झाली.

मंत्रिमहोदय, बीएडचा विद्यार्थी पाठ घेतो तेव्हा मागच्या बाकावर बसून कोणीतरी तो पाठ पाहतं. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने इंजेक्शन कसं दिलं हे तिच्या शेजारी उभं राहून बघतात. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मात्र, दोन वर्षांत एकदाही कोणी तिचं काम प्रत्यक्ष न पाहता, मुलीच्या हातात पडू शकते. फील्डवर्क हा या शिक्षणाचा कणा, असं आम्ही सगळेच म्हणतो. देशातली पहिली समाजकार्याची शाळा १९३६ साली मुंबईत सुरू झाली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट. ते त्याआधी दहा वर्षं नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. शिक्षणाची सुरुवातच वस्तीतून झाली. तपासणी मात्र कागदावर येऊन थांबली.

याची किंमत कोण मोजतं? एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली पुढे जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातात, हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या वन स्टॉप सेंटरमध्ये जातात, रुग्णालयात जातात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली मुलाला घरी पाठवायचं की संस्थेत, याचा निर्णय बाल कल्याण समिती सामाजिक तपासणी अहवाल समोर ठेवून घेते. तो अहवाल लिहिणाऱ्याला घरात बसता येतं का, न बोललेलं ऐकू येतं का, यावर एका मुलाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. मानसिक आरोग्याच्या बाबतीत कायद्याने हे ओळखलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि तीत देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलेलं आहे. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय समाजकार्यालाही यादीत घेतलं. म्हणजे रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात रुग्णाशी बोलायचं तर एक कसोटी, आणि त्याच जिल्ह्यात अत्याचार झालेल्या मुलीशी बोलायचं तर कोणतीच नाही. बाकीच्या समाजकार्यकर्त्यांसाठी वकिलांना किंवा डॉक्टरांना असते तशी वैधानिक परिषद देशात नाही. त्यामुळे विद्यापीठाची परीक्षा हाच पहिला आणि शेवटचा दरवाजा आहे.

आमच्याकडे ही अडचण आणखी घट्ट होते. वाड्या विखुरलेल्या, काही ठिकाणी एसटी दिवसातून दोनदा. पावसाळ्यात घाट बंद झाला की प्राध्यापक येऊच शकत नाहीत. ज्या संस्थांमध्ये मुलं पाठवली जातात त्यांतल्या अनेकांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नसतो. सुपरव्हायझर म्हणून सही करतो तो हिशेबनीस असतो किंवा संस्थेचा सचिव. माझ्यासारखीलाही या कामाचं मानधन नाही आणि कोणी ते शिकवलेलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, तेव्हा मदतीला कितीतरी विद्यार्थी आले. मनापासून आले. पण चिखल उपसणाऱ्या बाईला 'तुमचं अंदाजे नुकसान किती' असं विचारणारी मुलगी मी पाहिली आणि मला तिचा राग आला नाही. दुःखाच्या दारात पाऊल कसं टाकायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ती ते चुकीचं करतेय हे सांगायलाही शेजारी कोणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट आम्ही उघडपणे बोलत नाही. फील्डवर्कमध्ये सहसा कोणी नापास होत नाही. होऊ देत नाही आम्ही. समोरची मुलगी घरातली पहिली पदवीधर असते, भारत सरकार शिष्यवृत्तीवर शिकत असते. नापासाचा शेरा मारला तर शिष्यवृत्ती अडकेल, वर्ष जाईल, घरचे लग्न लावून देतील. मग पेन आपोआप वरच्या आकड्याकडे जातं. ही माया खरी आहे. पण तिची भरपाई पुढे वाडीवरची पोर करते, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर नसते.

दुसऱ्यांनी यावर काय केलं, ते मी शोधून वाचलं. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाच्या परिषदेने २००८ साली दहा क्षमता ठरवून दिल्या, २०१५ साली त्या नऊ केल्या आणि शाळांना सांगितलं की विद्यार्थ्याला त्या करता येतात हे दाखवा. डॉक्टरांच्या परीक्षेसाठी डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली एक पद्धत मांडली होती. तीत विद्यार्थी ठरवून दिलेल्या प्रसंगांत प्रत्यक्ष काम करतो आणि परीक्षक ते बघतो. टोरांटो विद्यापीठात मॅरियन बोगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती समाजकार्यासाठी बदलून घेतली. तिथे एक कलाकार अडचणीतल्या माणसाची भूमिका करतो, विद्यार्थी त्याची मुलाखत घेतो आणि नंतर परीक्षक विद्यार्थ्याशी बोलतो: तू हे का केलंस, तिथे थांबलास ते कशामुळे, तुझ्या मनात काय चाललं होतं. मला हा दुसरा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नुसतं वागणं तपासलं तर पाठ केलेली गोड भाषाही पास होईल. विचारल्यावर कळतं की मुलगी खरंच ऐकत होती की नाही.

खऱ्या पीडित बाईला परीक्षेचं साधन करता येत नाही, करूही नये. कलाकार हवेत, आणि ते कोकणात भरपूर आहेत. दशावतारातल्या नटाला कथानक सांगितलेलं असतं, संवाद तो रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. रत्नागिरीकडचे नमन-खेळेवालेही समोरच्याच्या बोलण्यावर क्षणात उत्तर देतात. अशा कलाकाराला खलाशाच्या बायकोचं, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी माणसाचं, चाकरमानी मुलाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्याचं दुःख समजावून दिलं, तर तो मालवणीत, संगमेश्वरीत असा गप्प बसेल की विद्यार्थ्याला ती शांतता पेलते की नाही ते पाच मिनिटांत कळेल. त्यांना मानधन द्या. खर्च फार नाही.

परदेशातली यादी जशीच्या तशी उचलू नका, ही मात्र कळकळीची विनंती. त्या नऊ क्षमतांचा मराठी तर्जुमा करून प्रत्येकीसमोर एक ते पाच आकडे छापले, तर मी आज भरते तसाच आणखी एक तक्ता तयार होईल. आमच्याकडची क्षमता आमच्या कामातून शोधावी लागेल. जातीचं अंतर ओळखून पंगतीत कुठे बसायचं हे कळणं ही क्षमता आहे. घरातल्या पुरुषाला वाईट न ठरवता बाईशी एकांतात बोलायची वाट काढणं ही क्षमता आहे. 'हे माझ्याच्याने होणार नाही, मॅडम, तुम्ही या' असं वेळेवर म्हणणंही. ही भाषा ठरवताना वाडीवरच्या, कोळीवाड्यातल्या बायकांना बोलवा. कोणती मुलगी कामाची आणि कोणती वही भरणारी, हे त्या आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगतात.

विद्यापीठांना आपण काय सांगावं, ते मी माझ्या अनुभवातून लिहिते. दर सत्रात निदान दोन भेटी सुपरव्हायझरने शेजारी बसून बघाव्यात, संबंधित कुटुंबाची परवानगी घेऊन, आणि त्याच संध्याकाळी विद्यार्थ्याशी बोलून चार ओळी लिहाव्यात. पहिलं वर्ष संपताना, लहान मुलं आणि हिंसेच्या केसेस हातात देण्याआधी, वर सांगितली तशी मुलाखत व्हावी. मराठीत, बोलीत केलेलं रेकॉर्डिंग कमी प्रतीचं मानू नये. संस्थेतल्या सुपरव्हायझरला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि थोडं मानधन मिळावं. आणि सगळ्यात आधी हे करा: गुणपत्रिकेवर नापास न लिहिता 'अजून सराव हवा' असं लिहायची सोय द्या आणि त्या वाढीव सत्रात मुलीची शिष्यवृत्ती चालू ठेवा. ही एक सोय झाली तर आम्ही सुपरव्हायझर खरं लिहू लागू. आज आम्हाला खरं लिहायची भीती वाटते.

हे सगळं एकदम राज्यभर करायची गरज नाही. मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीत पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे जिल्हे येतात. या किनाऱ्यावर दोन वर्षं करून बघावं. आमची संस्था आणि इथल्या ओळखीच्या तीन संस्था त्यासाठी तयार आहेत, तसं त्यांच्याशी बोलून मगच लिहिते आहे. नवीन तुकडी पावसाळ्यात येईल. आपल्या विभागाचं कोणी यायला तयार असेल, तर मंगळवारी सकाळी साडेआठच्या एसटीने आम्ही वाडीवर जातो. उंबऱ्याच्या आत बसायला जागा करून देऊ.

आपली,
एक फील्डवर्क सुपरव्हायझर
जिल्हा रायगड