नकलेच्या शिक्क्यावर चौथी तारीख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मुदतीत दाखल न केल्याने अपील फेटाळले' अशी एका ओळीची बातमी आपल्या अंकात अधूनमधून येते. तालुका कोर्टाच्या आवारात टायपिंगचं टेबल लावून मी ३१ वर्षं काढली. त्या ओळीमागे काय काय असतं ते जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

कोर्टाच्या नकलेवर, म्हणजे निकालाच्या अधिकृत प्रतीवर, एक रबरी शिक्का असतो. त्यात तीन तारखा भरतात: अर्ज केव्हा केला, नक्कल तयार केव्हा झाली, दिली केव्हा. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत ३० दिवस. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. पण तयार झालेली नक्कल कपाटात पडून राहिली, तर ते दिवस पक्षकाराच्या खात्यात. वाटपाचा दावा हरलेल्या एका बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या नकलेवर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत ३८ दिवसांचं अंतर होतं. 'नक्कल आली की कळवतो', असं वकिलांनी सांगितलेलं. बाई ऊसतोडीला गेलेल्या. दर बाजाराच्या दिवशी मुकादमाच्या फोनवरून विचारायच्या. उत्तर ठरलेलं, 'अजून नाही'. अपील दाखल होईपर्यंत १५ दिवस उशीर झाला. विलंब माफीच्या अर्जात मी सवयीने टाइप केलं, 'अर्जदार अशिक्षित असून कायद्याचे ज्ञान नाही'. बाई म्हणाल्या, "दादा, दर बाजारी फोन केला ते लिवा की." खरं तर मुद्दा तोच होता. ५०० रुपये खर्च भरून विलंब माफ झाला.

टेबल बंद केल्यापासून निकाल वाचायचा नाद लागलाय. अमेरिकेत कैद्याला हेबियस अर्जासाठी (बंदी प्रत्यक्षीकरण, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का ते कोर्टाकडून तपासून घेणं) १९९६च्या कायद्याने एक वर्षाची मुदत घातली. 'हॉलंड विरुद्ध फ्लोरिडा' खटल्यातल्या फाशीच्या कैद्याने वकिलाला पत्रांवर पत्रं लिहिली, मुदत सांभाळा म्हणून बजावलं, वकील बदलून द्या अशी कोर्टाला दोनदा विनवणीही केली. मुदत कशी मोजायची हे त्याला बरोबर कळलं होतं, वकिलाला नाही. मुदत उलटल्याचं तुरुंगाच्या ग्रंथालयात समजताच त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहून धाडला. २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तत्परता वाजवी असली की पुरे, शक्यतेची पराकाष्ठा केलीच पाहिजे असं नाही.

त्याच कोर्टाचा २००७चा 'बोल्स विरुद्ध रसेल' निकाल वाचून मात्र वाईट वाटतं. नियमाप्रमाणे अपिलाला १४ दिवस वाढवून मिळायचे. न्यायाधीशांनी चुकून १७ दिवसांनंतरची तारीख दिली. कैद्याने त्या तारखेच्या आदल्या दिवशी अपील लावलं, आणि ५ विरुद्ध ४ मतांनी ते मुदतबाह्य ठरलं!

आपल्याकडे बंदी प्रत्यक्षीकरणाला अशी मुदत नाही, हे चांगलंच आहे. अपिलांसाठी मुदत कायद्याचं कलम ५ आहे, 'पुरेसे कारण' दाखवा म्हणणारं. १९८७च्या कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं की रोजच्या रोज उशिराचा खुलासा मागायचा, तर मग दर तासाचा, दर सेकंदाचाही का नको? या वाक्यावर हजारो अर्ज तरले. गंमत अशी की त्या खटल्यात उशीर झाला होता तो कलेक्टरांना, चार दिवसांचा. पुढे सरकारी खात्यांनी या उदारपणाचा पार चोथा केला. २०२० साली मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, तेव्हा अर्ज फेटाळून कोर्टाने २५,००० रुपयांचा दंड ठोकला. योग्यच केलं. ज्यांच्याकडे विधी खातं, सरकारी वकील आणि गाड्या आहेत, त्यांना फाइल फिरत होती हे कारण पुरू नये. आणि मुकादमाच्या फोनवरून चौकशी करणाऱ्या बाईला तीच पट्टी लावू नये.

माझी मागणी मात्र साधी आहे. उच्च न्यायालयाने परिपत्रक काढून शिक्क्यावर चौथी ओळ घालावी: 'अपिलाची शेवटची तारीख'. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळते, तिच्यावरही ही ओळ असावी, मराठीत. कोणी म्हणेल, कारकून मोजायला चुकला तर? तर ती चूक कोर्टाची धरावी आणि अर्जाविना विलंब माफ व्हावा, एवढंही त्याच परिपत्रकात लिहून टाकावं. नाहीतर आपल्याकडेही एखादा बोल्स तयार होईल. उच्च न्यायालयाने मनावर घेतलं तर खर्च नव्या रबरी शिक्क्याचा.

आपला,
एक निवृत्त टंकलेखक, जि. बीड