अर्ध्या तिकिटाचे वय

महोदय,
थिवी–मडगाव रेल्वेने ये-जा करणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे: १२ वर्षे पूर्ण झाली की पूर्ण तिकीट लागते. उंची कमी म्हणून अर्धे चालत नाही. विनातिकीट सापडल्यास भाडे अधिक किमान २५० रुपये दंड. म्हणजे ३० रुपयांच्या प्रवासाला २८०. पैसे नाहीत म्हणून एकट्या मुलाला मधल्या वाटेल त्या स्थानकावर उतरवता येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १३९ नुसार चढलेले स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्हा मुख्यालयाचे स्थानक, एवढ्याच ठिकाणी उतरवता येते, तेही दिवसाच. हे खुद्द टीसींनाही आठवत असेलच असे नाही! प्रकरण वाढले तर १८ खालच्यांसाठी बाल न्याय मंडळ. दंड पालकांनाही भरायला लावता येतो. पैसे दिलेच तर पावती घ्यावी.

– एक वाचक, म्हापसा